खंडेनवमीनंतरचा मेल

तुकाईचं देऊळ मागं पडलं तरी वर्षालीनं हात जोडले नाहीत, तेव्हा तनुजाच्या काळजात पहिल्यांदा धस्स झालं.

रस्त्याकडेच्या दगडाला शेंदूर दिसला तरी चप्पल काढणारी ही बाई. आज देवळाकडं पाठ करून, ओढणी डोक्यावरून पुढं ओढून, उभ्या ट्रकच्या सावलीतून दुसऱ्या ट्रकच्या सावलीत भराभरा चालली होती.

चाकणचा रस्ता सकाळपासून तुंबला होता. दसऱ्याची सुट्टी संपवून सगळ्या कंपन्यांच्या गाड्या एकदमच बाहेर पडल्या होत्या. बस जी थांबली ती हलेचना. शेवटी कंडक्टर म्हणाला, "ज्यांना कामावर जायचंय त्यांनी चालायला लागा. ज्यांना बसायचंय त्यांनी बसा, तिकीट तेवढंच आहे." बायका हसल्या, करवादल्या आणि उतरल्या. त्यात या दोघीही उतरल्या. देहूरोडची तनुजा आणि पिंपळे गुरवची वर्षाली, गेली काही वर्षं एकाच गाळ्यात कामाला. अर्धी वाट चालून झाली होती, अर्धी उरली होती, आणि एवढ्या वेळात वर्षाली एक अक्षर बोलली नव्हती.

"वर्षा, अगं हळू. पाय मोडून घेशील."

"चल ना तू."

"देवीला हात का नाही जोडलेस?"

वर्षाली थांबली. तिचा चेहरा बघून तनुजाला वाटलं, उगाच विचारलं. बोलायला तिनं तोंड उघडलं तोच पर्समधला फोन वाजला. फोन कोंडीरामचा होता. कोंडीराम म्हणजे पहाटेच्या पाळीचा सुपरवायझर, माल भरून टेम्पो रवाना करणारा.

"ताई, कुठं आहात? टेम्पो गेला, पण मेल जात नाही. पाच-सहा वेळा दाबलं. एकच ओळ येते, सुरक्षित जोडणी झाली नाही. ड्रायव्हर रोहिदास कंपनीच्या गेटवर उभा आहे, आत सोडत नाहीत. शेठ तापलेत. लवकर या!"

वर्षालीनं "हो" म्हटलं, फोन पर्समध्ये टाकला आणि रस्त्याच्या कडेला, डिझेलच्या धुरात, मटकन खाली बसली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "काहीतरी होणार हे माहीतच होतं मला. तनू, तुला देवीची शपथ आहे. मी सांगते ते कुणाला बोलायचं नाही."

तनुजानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"खंडेनवमीला कारखान्यात पूजा केली ना मी. ताट हातात होतं, निरांजन लावलेलं. तेवढ्यात गावाकडून दिराचा फोन आला. उद्धवमामंजी गेले. आमचे चुलत सासरे. भाऊकीच आमची, दहा दिवसांचं सुतक. आणि मी काय केलं? बरं म्हणाले, फोन ठेवला आणि पूजा पुरी केली. सगळ्या मशिनींना हळद-कुंकू लावलं. नारळसुद्धा माझ्याच हातानं वाढवला."

"अगं, पण सांगायचं ना तिथंच."

"कुणाला सांगू? विमलआजींना? तोंडातून शब्दच निघेना माझ्या. आता बघ. त्या दिवशी सुतकी हात लागला, आणि आज पहिल्याच सकाळी मेल अडला."

तनुजा स्वतःही देवाधर्माचं करणारी. मंगळवारचा उपास, संध्याकाळी दिवा, घरात कुणी गेलं की देव झाकून ठेवणं, हे सगळं ती पाळायची. तिनं वर्षालीला "तसं काही नसतं गं" म्हणायचं ठरवलं, पण ते शब्द ओठांवर येईनात. कारण तिला स्वतःलाच तशी खात्री नव्हती. तिनं वर्षालीचा हात धरून तिला उठवलं आणि दोघी पुन्हा चालू लागल्या, आता पळतच म्हणा ना.

वर्षालीला नीट ओळखायचं तर तिची भीती ओळखावी लागते. केजकडच्या खेड्यातली मुलगी, दहावीपर्यंत मराठी शाळा, लग्न होऊन पिंपळे गुरवच्या दोन खोल्यांत आली. शहराची तिला सगळ्याचीच भीती. पूल ओलांडताना बसमध्ये डोळे मिटायची. लिफ्टमध्ये पाय ठेवायच्या आधी आत कुणी देवमाणूस आहे का बघायची. अनोळखी नंबरवरून फोन आला की तो आधी नवऱ्याच्या हातात द्यायची. पण गंमत अशी की यातलं काहीच तिनं टाळलं नाही. डोळे मिटून का होईना, पूल ओलांडला. संगणकाचा कोर्स करताना माउस धरायला तिचा हात कापायचा म्हणे, आणि क्लासात सगळ्यांच्या आधी कोर्स पुरा केला तो तिनंच. भीत भीत करायची, पण करायची. कारखान्यातली पोरं तिला 'घाबरट ताई' म्हणायची. कोंडीराम तर रोज विचारायचा, "काय ताई, मेल पाठवला का नैवेद्य दाखवला?" कारण मेलचं बटण दाबायच्या आधी ती ओठातल्या ओठांत अंबाबाईचं नाव घ्यायची.

शेठ जयसिंगरावांचा तो कारखाना म्हणजे खरं तर पत्र्याचा एक मोठा गाळा, त्यांच्याच उरलेल्या शेताच्या तुकड्यावर बांधलेला. गाडीच्या इंजिनात बसणारे लहान लोखंडी भाग तिथं कातून निघतात. तनुजा ते मोजते आणि मापांचा रिपोर्ट तयार करते. आजच्या मालाचा रिपोर्ट तिनं सुट्टीआधीच करून ठेवला होता. वर्षाली तो रिपोर्ट मोठ्या कंपनीला मेल करते. तिथला नियम साधा होता, आधी रिपोर्ट, मग टेम्पो. रिपोर्ट पोचला नाही तर गेट उघडत नाही, आणि माल वेळेत आत गेला नाही तर त्यांची लाइन थांबते. असं मागं एकदा झालं होतं, पावसाळ्यात रस्ता अडला तेव्हा. त्या वेळी कंपनीनं स्पष्ट सांगितलं होतं, पुन्हा लाइन थांबली तर काम दुसरीकडं जाईल. काम गेलं की गाळा बंद. वर्षालीच्या नवऱ्याचं, गणराजचं, कंत्राट त्याच पावसाळ्यात संपलं होतं. घरात पगार यायचा तो आता हिचाच.

एवढंच असतं तरी धास्ती पुरली असती. पण वर्षालीच्या डोळ्यांपुढं जयसिंगरावांची आई होती. विमलआजी गाळ्याच्या मागच्या घरातच राहतात. दोन वर्षांपूर्वी हवेचा कॉम्प्रेसर फुटला, कुणाला लागलं नाही म्हणून नशीब. आजींनी शोध लावला की भिमाजी फिटर पायात चपला घालून पूजेच्या पाटाजवळून गेला होता. भिमाजीला कुणी काढलं नाही, पण त्याला पुन्हा कुणी बोलावलंही नाही. तो आता कुठं असतो, कुणाला ठाऊक नाही.

चपलांसाठी एवढं, तर सुतकासाठी काय?

दोघी गाळ्यावर पोचल्या तेव्हा मशिनी चालू होत्या, पण माणसं मशिनींकडं बघत नव्हती, ऑफिसच्या काचेकडं बघत होती. आत जयसिंगराव येरझाऱ्या घालत होते. कोपऱ्यातल्या खुर्चीवर विमलआजी जपमाळ घेऊन बसल्या होत्या. आजी ऑफिसात आल्या म्हणजे गोष्ट गंभीर.

"आलात का बाई! या, या," जयसिंगराव म्हणाले. "रोहिदासचा चौथा फोन होता. मी माझ्या मोबाइलवरून रिपोर्ट पाठवून बघितला. ते म्हणतात, आमची सिस्टीम तुमच्या डिस्पॅचच्या पत्त्यावरूनच मेल घेते, दुसऱ्या कुणाचा चालत नाही. वर्षाली, जेवणाच्या सुट्टीच्या आत माल आत गेला पाहिजे. नाहीतर हा गाळा भाड्यानं द्यायची पाटी लावतो उद्या."

वर्षाली कॉम्प्युटरसमोर बसली. पडद्याच्या कडेवर खंडेनवमीची झेंडूची माळ तशीच होती, चिकटपट्टीनं अडकवलेली, जरा सुकून खाली लोंबणारी. पडद्याचा उजवा खालचा कोपरा माळेनं झाकला होता. वर्षालीनं माळेकडं बघितलं आणि खुर्ची थोडी मागं घेतली, माळेला बोट लागू नये म्हणून. हे फक्त तनुजाला कळलं.

तिनं पडद्यावरचा मेल पाठवायचा पिवळा चौकोन दाबला. ही सगळी किमया जयदीपची होती. कारखान्यात होता तेव्हा त्यानं ही स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरनं ओळीनं करायच्या कामांची यादी, लिहून दिली आणि मग हिंजवडीला मोठ्या नोकरीवर गेला. चौकोन दाबला की 'पाठवायचे' नावाच्या फोल्डरमधले सगळे रिपोर्ट ती आपोआप मेलला जोडायची, मेलच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करायची आणि धाडून द्यायची. मग काळ्या खिडकीत ओळ यायची, 'मेल गेला, ताई.' हे मराठी जयदीपनं मुद्दाम घातलेलं. इंग्रजी ओळी दिसल्या की वर्षाली खुर्चीसकट मागं सरकायची, हे त्यानं बघितलं होतं. "काहीही बिघडलं तरी तुम्हाला मराठीतच दिसेल," असं त्यानं जाताना सांगितलं होतं.

काळी खिडकी उघडली. थोडा वेळ काहीच नाही. मग आलं, 'मेल गेला नाही. सुरक्षित जोडणी झाली नाही.'

वर्षालीनं पुन्हा दाबलं, पुन्हा तेच आलं.

"इंटरनेटची वायर बघा," जयसिंगराव म्हणाले. कोंडीराम टेबलाखाली घुसला आणि तिथूनच ओरडला, "हिरवे दिवे लागलेत सगळे, मस्त लुकलुकतायत!" राउटर बंद करून चालू केला. कॉम्प्युटरही एकदा बंद करून चालू केला. दुसरी कुठली साइट उघडून बघायची सोय नव्हती. पोरं क्रिकेट बघतात म्हणून शेठनं त्या कॉम्प्युटरवर मेलशिवाय सगळं बंद करून घेतलं होतं.

मग जयदीपला फोन लावला. तो उचलेना. तिसऱ्या वेळी त्यानं उचलला आणि जयसिंगरावांनी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"बोला ताई. मीटिंगमधून बाहेर आलोय, पटकन सांगा."

वर्षालीनं सांगितलं.

"घाबरू नका. एकेक बघू. आधी पासवर्ड. कुणी मेलचा पासवर्ड बदललाय का?"

"नाही रे बाबा," जयसिंगराव म्हणाले. "कोण बदलतंय?"

"तरी नवा घालून बघू." त्यानं शेठच्या मोबाइलवरून नवा लांबलचक पासवर्ड काढायला लावला. वर्षालीनं स्क्रिप्टची फाइल उघडली. आतलं सगळं इंग्रजी, मुंग्यांच्या रांगेसारखं. तनुजा एकेक अक्षर वाचून दाखवू लागली आणि वर्षाली टाइप करू लागली. चौकोन दाबला.

'मेल गेला नाही.'

"बरं. आता पोर्ट बदलू. ५८७ दिसतंय का आकडा? तिथं ४६५ करा. हा दुसऱ्या दारानं आत जाण्यासारखा प्रकार आहे. आणि त्याच्या खालची ओळ मी सांगतो तशी लिहा."

लिहिली. एक कंस राहिला, तर खिडकी उघडताच मिटली. कंस घातला. पुन्हा दाबलं.

'मेल गेला नाही. सुरक्षित जोडणी झाली नाही.'

"हे दारही बंद?" जयदीपचा आवाज जरा बदलला. "अँटिव्हायरस थांबवून बघा."

थांबवला, तरी नाहीच.

मध्येच रोहिदासचा फोन आला शेठच्या मोबाइलवर. "शेठ, गेटवरचा वॉचमन माझ्याकडं असं बघतोय जसं मी कुणाची पोरगी पळवून आणलीय. मागं गाड्यांची रांग लागली. म्हणतात, टेम्पो बाजूला घे. बाजूला घेतला तर माझा नंबर गेला ना राव. काय करू?"

"उभा राहा तिथंच!" जयसिंगराव ओरडले. "इंजिन बिघडलं म्हण, काय वाट्टेल ते म्हण!" फोन ठेवून ते कपाळाला हात लावून बसले. त्यांच्या नाकाखाली घामाचे थेंब जमले होते. शेठनाही भीती वाटते, हे तनुजाला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं, आणि त्यामुळं तिची भीती आणखी वाढली.

कोपऱ्यातून विमलआजी बोलल्या. "आपल्या हितं असं कधी झालं न्हाई. काय तरी वावगं घडलंय. कुणाच्या हातून तरी घडलंय."

जपमाळेचे मणी सरकत होते. वर्षालीनं मान वर केली नाही. तनुजानं मनातल्या मनात देवीला हाका मारायला सुरुवात केली.

"ताई," जयदीप म्हणाला, "कोड तोच आहे, सर्व्हर तोच आहे, इथून मी बघितलं, सर्व्हर चालू आहे. म्हणजे तुमच्याकडंच काहीतरी बदललंय. मेल शेवटचा कधी गेला?"

"खंडेनवमीच्या सकाळी."

"त्यानंतर काय बदललं? काहीही. छोटंसुद्धा चालेल."

"काही नाही रे," शेठ म्हणाले. "सुट्टीच होती."

"ताई, तुम्ही सांगा. काय झालं मध्ये?"

बाहेर मशिनींचा घुरघुराट. वर्षालीनं तनुजाकडं बघितलं. ती नजर तनुजा अजून विसरलेली नाही. शाळेत बाईंनी उभं केलेली मुलगी जशी बघते तशी. तनुजानं मान हलवून 'नको, नको' म्हटलं. सांगितलंस की भिमाजीसारखी जाशील, असं तिला म्हणायचं होतं. पण वर्षाली काचेतून बाहेर बघत होती. तिकडं पोरं मशिनींशी उभी होती आणि सगळ्यांची तोंडं हिच्याकडं होती.

वर्षाली उठली. विमलआजींच्या पुढं जाऊन उभी राहिली, चार हात लांब.

"माझ्यामुळं झालं, आजी. मला सुतक आहे. ताट हातात असताना गावाकडून फोन आला, आमचे चुलत सासरे गेले. मी कुणाला बोलले नाही. तशीच पूजा केली. मशिनींची केली आणि ह्या कॉम्प्युटरची पण केली. हा पण वर्षभर राबतोच की, म्हणून मीच म्हणाले ह्यालाही पुजू, ह्यालाही एक दिवस निजू देऊ. माझ्या हातानं केलं सगळं. त्या पोरांचं काम घालवू नका. काय शिक्षा करायची ती मला करा."

आजींच्या हातातली माळ थांबली. कोंडीराम टेबलाखालून अर्धा बाहेर आला होता, तो तसाच राहिला. तनुजाला वाटलं, आता छत खाली येईल.

आणि टेबलावरून जयदीपचा आवाज आला.

"ताई? ऐका ना ताई. निजू दिलं म्हणजे काय केलं?"

वर्षालीची नजर आजींवरून हलली नाही.

"ताई, कॉम्प्युटर नुसता बंद केला होता, का वीजच काढली?"

"मेन स्विचच बंद होता," तनुजाच बोलली. तिला तिचाच आवाज परका वाटला. "मशिनींचं दर वर्षीच करतात. यंदा कॉम्प्युटरचाही प्लग काढला. इन्व्हर्टरचाही काढला. दोन रात्री तसाच होता."

"तुमच्या समोर पडद्यावर तारीख काय आहे? खाली उजव्या कोपऱ्यात?"

वर्षाली तिथूनच बघू लागली. "तिथं माळ आहे," ती म्हणाली. "मी हात नाही लावणार तिला."

तनुजा पुढं झाली. मनात क्षमा मागितली आणि झेंडूची माळ अलगद वर उचलली. चार पाकळ्या कीबोर्डवर पडल्या. कोपऱ्यात बारीक आकडे होते. तिनं वाचले, मग पुन्हा वाचले.

"एक जानेवारी दोन हजार तेरा," ती म्हणाली.

"हां!" जयदीप एवढ्या जोरात ओरडला की फोन कडकडला. "सापडलं! अहो, आत नाण्याएवढा एक सेल असतो, वीज नसली तरी तारीख लक्षात ठेवायला. तो कधीचाच मेलेला असणार. वीज सतत चालू होती म्हणून कळलं नाही. तुम्ही प्लग काढला आणि तो बिचारा सगळं विसरला. सुरक्षित जोडणी करताना सर्व्हर आधी स्वतःचं ओळखपत्र दाखवतो ना, त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालतं ते लिहिलेलं असतं. तुमचा कॉम्प्युटर बसलाय दोन हजार तेरात. त्याला वाटतंय, हे ओळखपत्र तर अजून जन्मालाच आलेलं नाही, हा कुणीतरी भामटा दिसतो! म्हणून दार उघडत नाही. तारीख-वेळ बरोबर करा आणि दाबा."

तनुजानं तारीख बदलली. मनगटावरचं घड्याळ बघून वेळ लावली. वर्षालीला म्हणाली, "ये, दाब."

"नको. तू दाब."

तनुजानं तुकाईचं नाव घेतलं आणि दाबलं. काळी खिडकी उघडली. इतका वेळ कधीच लागला नव्हता असं वाटलं. मग ओळ आली.

'मेल गेला, ताई.'

कोंडीरामनं टेबलावर बुक्की मारली. काचेबाहेर पोरांनी शिट्ट्या मारल्या. जयसिंगराव रोहिदासला फोन लावत होते, बोटं चुकत होती. जयदीप अजून बोलतच होता, "ताई, चूक माझीच आहे. खरी इंग्रजी ओळ आली असती तर तिच्यात तारखेचं सरळ लिहिलेलं होतं. तुम्ही घाबरू नये म्हणून मीच ती लपवली आणि त्या जागी मराठी घातलं. आजच ते काढून टाकतो." पण त्याचं कुणी ऐकत नव्हतं. थोड्या वेळानं रोहिदासचा आवाज आला, "गेट उघडलं, शेठ! आत चाललो!" आणि जयसिंगराव खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत.

वर्षाली मात्र होती तिथंच उभी होती. तिची नजर विमलआजींवर होती. मेल गेला होता, पण तिचा निकाल अजून लागायचा होता.

आजी काठी टेकत उठल्या. जपमाळ पदरात बांधली. कॉम्प्युटरकडं एकदा बघितलं, मग वर्षालीकडं.

"सुतक हाय आन् घराभायेर हिंडतीस व्हय गं? कुणी शिकवलं तुला?"

"आजी, मी..."

"बोलू नगंस. म्या ऐकलं समदं. जा घरला. दहा दिस भरंस्तवर हितं पाऊल टाकायचं न्हाई."

"आणि मग?" वर्षालीनं विचारलं.

"मग काय? सुतक फिटलं की न्हाऊन यायचं कामाला. न्हाई आलीस तर पोराला पाठवून वढीत आणीन." आजी दारापर्यंत गेल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "भिमाजीनं खरं सांगितलं असतं तर त्यो बी राहिला असता. मेला खोटं बोलला माझ्याशी. चपला न्हवत्याच म्हणाला."

दारातून त्या गेल्या आणि लगेच मागच्या घरातून त्यांची हाक ऐकू आली, कुणालातरी गोमूत्र आणायला सांगत होत्या.

जयसिंगराव म्हणाले, "जा वर्षाली. पगाराची काळजी करू नकोस. तोवर मेल तनुजा पाठवेल." तनुजा हो म्हणाली. ती वर्षालीला रस्त्यापर्यंत सोडायला निघाली, आणि सोडता सोडता दोघी तुकाईच्या देवळापर्यंत आल्या. ट्रक तसेच उभे होते. ड्रायव्हर खाली उतरून बिड्या ओढत होते.

तनुजाला वाटलं होतं, वर्षाली आता हसेल, निदान मोकळा श्वास घेईल. तिनं तसं म्हणूनही बघितलं. "बघ, तुझ्या सुतकाचा काही संबंध नव्हता. एवढासा सेल होता."

वर्षाली देवळापासून लांब, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला थांबली. तिथून कळस तेवढा दिसत होता.

"मेल सेलमुळं अडला, हे मला कळलं," ती म्हणाली. "जयदीप खोटं बोलणार नाही. पण सुतकात मी देवीच्या पूजेला हात लावला, तो लावलाच ना गं? ते त्या सेलनं नाही केलं. आजींनी माफ केलं, शेठनी केलं. पण ती आत बसलीय, तिला कुणी विचारलं?"

एक बस कशीबशी पुढं सरकत आली. वर्षालीनं हात केला. चढताना ती मागं वळली, तनुजाच्या हातात ओढणीच्या गाठीतले पैसे कोंबले.

"माझं एक काम कर, तनू. मला आत जाता येत नाही. येत्या मंगळवारी तू माझ्या नावानं तिची ओटी भर. खण हिरवा घे, नारळ बघून घे. आणि तिला सांग, वर्षालीनं फसवायचं म्हणून लपवलं नाही, भ्याली म्हणून लपवलं. तेवढं नीट सांग, तनू. जोरात सांग."